फायरवॉलचं पेज उघडलं की लाल वॉर्निंग येते, ‘प्रोसीड’ दाबत राहायचं का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की वागळे इस्टेटच्या युनिटमध्ये नवीन फायरवॉल (ऑफिस आणि इंटरनेटच्या मधला राखणदार) आणि दोन मॅनेज्ड स्विच (पीसी जोडायचे, ब्राउजरमधून सेटिंग करता येणारे डबे) बसवलेत, ब्राउजरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की ‘तुमचं कनेक्शन प्रायव्हेट नाही’ असं लाल पान येतं, एएमसीवाला (देखभालीचं कंत्राट घेतलेला) म्हणतो ‘ॲडव्हान्स्ड’ दाबा, ‘प्रोसीड’ दाबा, सगळीकडे असंच असतं, आणि वर मालकांना हेच पेज खारघरच्या घरून मोबाइलवर उघडून हवंय. म्हणजे प्रश्न दोन आहेत. दुसरा जास्त गंभीर आहे, पण लोक पहिल्यावरच अडकतात, म्हणून आधी तो उरकू.

एएमसीवाला खोटं बोलत नाहीये, अर्धवट बोलतोय. एचटीटीपीएस दोन कामं करतं. एक म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरपासून त्या डबड्यापर्यंत जाणारा मजकूर एन्क्रिप्ट करणं, म्हणजे मधल्या कोणाला वाचता येऊ नये असा करणं, आणि दुसरं म्हणजे समोरचं डबडं तेच आहे ना हे पटवून देणं. नवीन फायरवॉलमध्ये जे सर्टिफिकेट असतं ते तिने स्वतःच बनवून स्वतःच सही केलेलं असतं, त्यामुळे पहिलं काम व्यवस्थित होतं, दुसरं होत नाही. दारावर माणूस आला, म्हणाला मीटर रीडिंगला आलोय, गळ्यात आयकार्ड पण आहे, फक्त ते त्याने घरच्या प्रिंटरवर छापलंय, असा प्रकार आहे. माणूस खरा असेलही, कार्डावरून ते कळत नाही एवढंच. ब्राउजर तेवढंच सांगतोय.

मग कंपनी खरं सर्टिफिकेट टाकून का देत नाही, असं बरेच जण चिडून विचारतात. देऊच शकत नाही हो. १९२.१६८ ने सुरू होणारे ॲड्रेस प्रायव्हेट आहेत, ते तुमच्या ऑफिसात आहेत, शेजारच्या गाळ्यात आहेत, माजिवड्याच्या प्रत्येक टॉवरमध्ये दहा ठिकाणी सापडतील, मग त्याचा मालक कोण म्हणून सही करायची? पब्लिक सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांना अशा ॲड्रेसला आणि ऑफिसातल्या घरगुती नावांना सर्टिफिकेट द्यायला १ नोव्हेंबर २०१५ नंतर बंदीच आहे. त्यामुळे वॉर्निंग येणं हा बिघाड नाही, आणि ‘डिव्हाइस खराब आलंय’ म्हणून परत पाठवायची पण गरज नाही.

पण म्हणून ‘प्रोसीड’ दाबत राहा असंही नाही. क्रोम तुमचं ‘प्रोसीड’ साधारण आठवडाभर लक्षात ठेवतो आणि मग परत तेच पान दाखवतो. आता समजा ऑफिसातल्या एखाद्या पीसीत काहीतरी घुसलंय आणि ते ‘मीच फायरवॉल’ असं नेटवर्कवर सांगत मधे येऊन बसलंय (एआरपी स्पूफिंग म्हणतात, सपाट, म्हणजे भाग न पाडलेल्या, नेटवर्कवर फार अवघड नसतं), तर तेव्हाही तुम्हाला हेच लाल पान दिसणार, अगदी तसंच. नेहमीचं कुठलं आणि धोक्याचं कुठलं हे बघून कळणार नाही, हाताला सवय लागलेली असते, तुम्ही दाबणार, आणि ॲडमिनचा पासवर्ड मधल्याच्या हातात. आयकार्ड कोणीच वाचत नाही ही खरी अडचण आहे.

थांबा, त्याच्याही आधी एक गोष्ट बघून घ्या. तुम्ही नुसतं १९२.१६८.१.१ टाकता तेव्हा पेज एचटीटीपीएसवर उघडतंय की साध्या एचटीटीपीवर? क्रोमने २०२१ मध्ये नुसतं नाव टाइप केलं तरी आधी एचटीटीपीएस ट्राय करायचं असा बदल केला, पण आयपी ॲड्रेसना त्यातून वगळलं होतं. फायरवॉल बहुतेक वेळा स्वतःच एचटीटीपीएसवर ढकलते, म्हणून तुम्हाला लाल पान तरी दिसतंय. स्वस्तातले मॅनेज्ड स्विच मात्र साध्या एचटीटीपीवर निमूट लॉगिन पान दाखवतात, कुठलीही मोठी वॉर्निंग नाही, कोपऱ्यात बारीक ‘नॉट सिक्युअर’ असतं ते कोण बघतंय. म्हणजे गंमत बघा, जिथे एन्क्रिप्शन आहे तिथे ब्राउजर आरडाओरडा करतो आणि जिथे काहीच नाही तिथे शांत. महापेला एका ऑफिसात लोकांना हे पटत नव्हतं म्हणून वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा मजकूर पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून दाखवलं होतं, स्विचवर लॉगिन करायला सांगितलं, कॅप्चर थांबवलं, लॉगिन पाठवणारी (‘पोस्ट’ची) एक ओळ उघडली, आणि त्यात युजरनेम ॲडमिन, पुढे पासवर्ड, शेवटच्या ॲट-द-रेट आणि १२३ सकट. काही स्विच तो बेस-६४ करून, म्हणजे नुसता वेगळ्या अक्षरांत लिहून, पाठवतात, ते एन्क्रिप्शन नव्हे, कोणीही दोन सेकंदात उलटं करतं. तर पहिलं काम, स्विचच्या मेन्यूत जाऊन एचटीटीपीएस चालू करा, ते चालतंय याची खात्री करा आणि मग साधं एचटीटीपी बंद करा. टेलनेट (एन्क्रिप्शन नसलेलं जुनं लॉगिन) दिसलं तर तेही बंद.

आता आयकार्ड वाचायचं कसं ते. प्रत्येक सर्टिफिकेटला फिंगरप्रिंट, म्हणजे त्याच्यावरून काढलेला ओळखीचा आकडा, असतं, एसएचए-२५६ वालं घ्यायचं, ते हेक्समध्ये ६४ अक्षरं-आकड्यांचं असतं. लाल पानावर असतानाच ॲड्रेसच्या डावीकडे क्लिक करून सर्टिफिकेटचे डिटेल्स उघडले की ते दिसतं. दुसरीकडे कन्सोल केबल (नेटवर्कमधून न जाता थेट डबड्याला जोडणारी) लावून फायरवॉलवर लॉगिन करा आणि तिथे सर्टिफिकेट दाखवणारी कमांड द्या (प्रत्येक कंपनीची वेगळी, मॅन्युअलमध्ये मिळते), दोन्ही जुळतात का बघा, आणि बघा म्हणजे सगळं बघा, पहिली चार आणि शेवटची चार बघून सोडू नका. जुळलं की समोरचं डबडं तेच, यात शंका नाही. स्विचला कन्सोल नसेल तर लॅपटॉपचं वायफाय बंद करा, पॅच कॉर्डने थेट त्याच्या पोर्टला लावा, बाकी सगळ्या केबल काढून. मधे कोणी नाहीच म्हटल्यावर जे सर्टिफिकेट येईल ते त्याचंच. ते फिंगरप्रिंट रजिस्टरमध्ये किंवा जिथे तुम्ही लायसन्स की वगैरे ठेवता तिथे लिहून ठेवा. हे काम सुट्टीच्या दिवशी करा म्हणजे बिलिंगवाले ओरडणार नाहीत.

त्याआधी फॅक्टरीतून आलेलं सर्टिफिकेट उडवून डिव्हाइसवरच नवीन बनवून घ्या, ‘जनरेट’ की ‘रीजनरेट’ असं बटण असतं. कारण सांगतो. २०१५ मध्ये एसईसी कन्सल्ट नावाच्या सिक्युरिटी कंपनीने ४,००० हून जास्त डिव्हाइसचं फर्मवेअर (डबड्याच्या आतलं सॉफ्टवेअर) उघडून बघितलं आणि त्यात फर्मवेअरमध्येच भरलेल्या ५८० प्रायव्हेट की (सर्टिफिकेटच्या गुप्त किल्ल्या) सापडल्या, म्हणजे एका मॉडेलच्या सगळ्या पीसना एकच किल्ली, आणि फर्मवेअर कोणीही डाउनलोड करू शकतो. असं सर्टिफिकेट असेल तर एन्क्रिप्शनलाही अर्थ उरत नाही. तुमच्या मॉडेलचं तसं आहे की नाही याच्या खोलात जायची गरज नाही, नवीन बनवायला दोन मिनिटं लागतात.

एवढं झालं तरी लाल पान येतच राहणार. फायरफॉक्समध्ये एक्सेप्शन कायमचं ठेवता येतं आणि सर्टिफिकेट बदललं तर तो परत ओरडतो, म्हणून एक-दोन डिव्हाइस असतील तर माझ्या मते तेवढं पुरे, या कामाला फक्त फायरफॉक्स वापरा आणि परत लाल पान आलं तर दाबू नका, फिंगरप्रिंट काढून बघा. तुमच्याकडे तीन आहेत, उद्या ॲक्सेस पॉइंट आणि एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा डबा) येणार, तर मग स्वतःची छोटी सर्टिफिकेट ऑथॉरिटी बनवणं बरं पडतं. नाव मोठं आहे, काम एका दुपारचं आहे. एक्ससीए नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, खिडक्या-बटणांचं, कमांड टाइप करायच्या नाहीत. त्यात एक रूट, म्हणजे बाकीच्यांवर सही करणारं मूळ सर्टिफिकेट, बनवायचं, त्याच्या सहीने प्रत्येक डिव्हाइसचं सर्टिफिकेट बनवायचं, ते डिव्हाइसवर चढवायचं, आणि रूट फक्त ज्या पीसीवरून तुम्ही ॲडमिनचं काम करता तिथे विंडोजच्या ‘ट्रस्टेड रूट’मध्ये टाकायचं. सगळ्या ऑफिसच्या पीसीवर टाकू नका, गरज नाही, मालकांच्या फोनवर पेज उघडायचं असेल तर तेवढं तिथे टाका.

इथे नव्वद टक्के लोक एकाच जागी आपटतात, तेवढी जागा सांगून ठेवतो. कॉमन नेम या नावाच्या जुन्या रकान्यात आयपी लिहून मोकळे होतात आणि मग क्रोम म्हणतो नाव जुळत नाही. क्रोमने २०१७ पासून, ५८ व्हर्जनपासून, कॉमन नेम बघणंच सोडलंय, तो फक्त सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम हा दुसरा रकाना बघतो, आणि त्यात आयपी लिहायचा तर प्रकार ‘आयपी’ निवडायचा, ‘डीएनएस’ निवडून आकडे लिहिले तर चालत नाही. मुदत दोन वर्षं ठेवा, कारण ॲपल २०१९ च्या जुलैनंतर बनवलेल्या सर्टिफिकेटना ८२५ दिवसांची मर्यादा लावतं, तुमच्या स्वतःच्या रूटच्या सहीचं असलं तरी, आणि मालकांचा फोन आयफोन असणारच. की ‘आरएसए २०४८’ प्रकारची घ्या, स्वस्त स्विचना ‘इलिप्टिक कर्व्ह’ हा नवा प्रकार कळत नाही, अपलोड केलं की नुसतं ‘इनव्हॅलिड फाइल’ म्हणतात आणि आपण अर्धा दिवस फाइलचा फॉरमॅट बदलत बसतो. आणि रूटची प्रायव्हेट की पासवर्ड लावून पेनड्राइव्हवर काढा, पेनड्राइव्ह कपाटात, पीसीवरून डिलीट. ही की चोरीला गेली तर चोर तुमच्या पीसीला कुठल्याही बँकेची खोटी साइट हिरवीगार करून दाखवू शकतो, त्यामुळे या बाबतीत मी जरा कडक आहे.

कंपनीचं स्वतःचं डोमेन असेल तर आणखी एक रस्ता आहे, फायरवॉलला त्या डोमेनमधलं नाव द्यायचं, ऑफिसच्या आतल्या डीएनएसमध्ये (कुठल्या नावाचा आयपी कुठला ते सांगणारी यादी) ते नाव प्रायव्हेट आयपीकडे वळवायचं आणि लेट्स एन्क्रिप्ट या फुकट पब्लिक सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेकडून डीएनएस पद्धतीने सर्टिफिकेट घ्यायचं, यात डिव्हाइस बाहेर उघडावं लागत नाही. पण ते ९० दिवसांचं असतं, तुमच्या फायरवॉलला ते आपोआप रिन्यू करता येत नसेल तर दर तीन महिन्यांनी हाताने कोण करणार? शिवाय अशा सर्टिफिकेटवरची नावं पब्लिक लॉगमध्ये जाहीर होतात, त्यामुळे डिव्हाइसच्या नावात कंपनी-मॉडेल-मजला असलं काही लिहू नका. तुमच्यासाठी एक्ससीएच बरं, असं मला वाटतं.

घड्याळाचं पण बघा. डिव्हाइसची तारीख चुकलेली असताना सर्टिफिकेट बनवलं तर त्यावर १९७० ची तारीख पडते आणि ब्राउजर म्हणतो मुदत संपली. सिस्कोच्या जुन्या आयओएसमध्ये (आयफोनचं नव्हे, त्यांच्या राउटर-स्विचचं सॉफ्टवेअर) तर डिव्हाइसने स्वतः बनवलेली सर्टिफिकेट कधीही बनवा, १ जानेवारी २०२० लाच संपायची, सॉफ्टवेअरमध्येच तसं होतं, आणि त्या नव्या वर्षाच्या सकाळी बऱ्याच नेटवर्कवाल्यांचे फोन वाजले. तर आधी एनटीपी (नेटवरून घड्याळ आपोआप जुळवायची सोय) लावा, मग सर्टिफिकेट. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या टाइम सर्व्हरशी जुळवायची असतात, लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि सायबर हल्ल्यासारखं काही घडलं तर ६ तासांत त्यांना कळवायचं असतं, हे छोट्या युनिटवाल्यांना माहीतच नसतं. फायरवॉलची मेमरी एवढे लॉग धरत नाही, एखाद्या जुन्या पीसीवर सिसलॉग घ्या, म्हणजे लॉग तिकडे साठतील.

जुना स्विच असेल आणि ब्राउजर ‘प्रोसीड’चा पर्यायच न देता व्हर्जन किंवा सायफर जुळत नाही म्हणत असेल, तर तो टीएलएस (एचटीटीपीएसमागची एन्क्रिप्शनची पद्धत) १.० किंवा १.१ वाला आहे. ब्राउजरवाल्यांनी २०२० मध्ये ते बंद केलं. फर्मवेअर अपडेट आहे का बघा, नसेल तर स्विच बदला, आणि बदलायला बजेट नसेल तर वेब पेज बंद करून एसएसएच (एन्क्रिप्ट केलेलं कमांडवालं लॉगिन) किंवा कन्सोलवर काम करा. त्यासाठी ऑफिसच्या मेन पीसीवर जुना ब्राउजर टाकायचा उद्योग करू नका, ज्याने सल्ला दिला असेल त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

आता मालकांचा प्रश्न. घरून फायरवॉलचं पेज उघडायचंय, एएमसीवाला म्हणेल वॅन साइडवर, म्हणजे इंटरनेटच्या बाजूला, एचटीटीपीएस ॲडमिन चालू करतो, पोर्ट ४४३ ऐवजी ८४४३ ठेवतो, कोणाला कळणार नाही. याला सरळ नाही म्हणा. वर एवढं सर्टिफिकेटचं पुराण सांगितलं ते सगळं नीट केलं असलं तरी नाही म्हणा. सर्टिफिकेट फक्त तुम्हाला सांगतं की समोर तुमचीच फायरवॉल आहे, फायरवॉलच्या पेजमध्येच भोक असेल तर त्याचा काही उपयोग नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिस्कोच्या आयओएस एक्सईच्या वेब पेजमध्ये असं भोक निघालं, गंभीरता १० पैकी १०, पासवर्ड न लागता बाहेरचा माणूस सगळ्यात वरच्या अधिकाराचं अकाउंट बनवू शकत होता. १६ तारखेला जाहीर झालं, पहिला फिक्स २२ ला आला, तोपर्यंत जगभरात हजारो डिव्हाइस गेलेली होती, आणि सगळी अशी की ज्यांचं वेब पेज इंटरनेटला उघडं होतं. कंपनीचा पहिला सल्ला काय होता, तर बाहेर तोंड असलेल्या डिव्हाइसवर वेब पेज बंद करा. त्याच्या वर्षभर आधी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, फोर्टिनेट या फायरवॉल कंपनीच्या ॲडमिन पेजमध्येही लॉगिन चुकवून आत जाता येणारं भोक निघालं होतं. म्हणजे ब्रँड चांगला घेतला म्हणून सुटका नाही, सगळ्यांचीच कधी ना कधी वेळ येते.

पोर्ट बदलून लपतं हा तर गैरसमज. शोडान नावाचं सर्च इंजिन २००९ पासून इंटरनेटला जोडलेली डिव्हाइस शोधत सगळं इंटरनेट चाळतंय, ८४४३ त्याच्या ठरलेल्या यादीत असतो. घोडबंदर रोडच्या एका सोसायटीत कॅमेऱ्याच्या डीव्हीआरचं पेज असंच बाहेर काढून ठेवलं होतं, लॉग उघडून बघितला तर मिनिटाला कुठून कुठून लॉगिन ट्राय चालू, रात्री तीनलाही. कमिटीचे काका म्हणाले, आपल्या पार्किंगमध्ये बघण्यासारखं आहे काय? पार्किंग कोणाला बघायचंय हो, त्यांना तो डीव्हीआर हवा असतो, २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने असलेच कॅमेरे आणि डीव्हीआर डिफॉल्ट पासवर्डने गोळा केले आणि त्यांच्या जोरावर ऑक्टोबरमध्ये डिन या कंपनीची डीएनएस सेवा पाडली, तेव्हा मोठमोठ्या साइट कित्येक तास उघडत नव्हत्या.

मग मालकांना काय द्यायचं? व्हीपीएन, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये येणारा एन्क्रिप्ट केलेला बोगदा. फायरवॉलमध्ये बहुतेक असतोच, त्यातला वायरगार्ड हा प्रकार असेल तर उत्तम, नाहीतर आयपीसेक किंवा ओपनव्हीपीएन, शक्यतो ओटीपीसकट. फोनवर ॲप टाकायचं, व्हीपीएन चालू करायचा आणि मग ब्राउजरमध्ये तेच १९२.१६८ वालं पेज, आतून उघडल्यासारखं. व्हीपीएनच्या सॉफ्टवेअरमध्येही भोकं निघतात, म्हणून फर्मवेअर अपडेट चुकवायचं नाही, पण बाहेरून दिसणारी जागा एकच राहते आणि वायरगार्डला तर ओळखीची की नसेल तर तो उत्तरच देत नाही. एक अडचण येते ती आधीच सांगतो. मालकांचं घरचं नेटवर्कही १९२.१६८.१ वालंच असणार, मग फोनला कळत नाही कुठल्या १९२.१६८.१.१ ला जायचंय, घरचाच राउटर उघडतो आणि मालक म्हणतात पासवर्ड चालत नाही. (आणि एव्हाना त्यांनी ऑफिसचा पासवर्ड घरच्या राउटरला, तोही साध्या एचटीटीपीवर, तीनदा देऊन झालेला असतो.) आत्ताच, सगळं नवीन आहे तोवर, ऑफिसची रेंज बदलून १०.४७.२० असं काहीतरी आडवळणाचं घ्या. नंतर प्रिंटर, टॅली सर्व्हर, बायोमेट्रिक सगळ्यांचे आयपी बदलताना रडायला येतं. आणि सर्टिफिकेट याच्यानंतर बनवा, नाहीतर त्यातला आयपी जुनाच राहील.

तुमच्याकडे लीज लाइन नसून साधं ब्रॉडबँड असेल तर फायरवॉलचा वॅन आयपी बघा. १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात (बाहेरचा एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला), बाहेरून आत येताच येणार नाही, व्हीपीएनसुद्धा जोडला जाणार नाही. एकतर स्टॅटिक आयपी मागा, वर्षाला थोडे पैसे जातात, किंवा टेलस्केलसारखं आतून बाहेर कनेक्ट होणारं काहीतरी घ्या, ते सीजीनॅटमधूनही चालतं. एनीडेस्क (पीसी दुरून चालवायचं सॉफ्टवेअर) कायम चालू ठेवून अकाउंट्सच्या पीसीवरून फायरवॉल उघडायची, हा जुगाड तेवढा नको. तो पीसी आणि फायरवॉल दोन्ही एकाच पासवर्डवर टांगलेले राहतात.

आणि तसं बघितलं तर मालकांना फायरवॉलचं पेज कशाला हवंय ते एकदा विचाराच. बरेचदा त्यांना नेट चालू आहे का आणि कॅमेरे दिसतात का एवढंच बघायचं असतं. मग त्यांना फक्त बघण्यापुरतं रीड-ओन्ली अकाउंट बनवून द्या, ॲडमिन तुमच्याकडे एक आणि एएमसीवाल्याचं वेगळं त्याच्या नावाने, म्हणजे कोणी काय बदललं ते लॉगमध्ये दिसेल आणि एएमसी बदलली की एकच अकाउंट बंद करायचं.

ऑफिसच्या आतही हे पेज सगळ्या पीसीवरून उघडायला नको. स्विच आणि फायरवॉलच्या ॲडमिनसाठी वेगळं व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा कप्पा) आणि ‘ॲलाउड होस्ट’मध्ये फक्त तुमचा पीसी आणि व्हीपीएनची रेंज, गेस्ट वायफायवरून तर दिसताच कामा नये. यूपीएनपी (डिव्हाइसना आपोआप बाहेरचे पोर्ट उघडू देणारी सोय) बंद. काम करताना ब्राउजरचं वेगळं प्रोफाइल उघडा, पासवर्ड ब्राउजरमध्ये सेव्ह नको, आणि काम झालं की नुसता टॅब न मिटवता लॉगआउट करा, कारण सेशन चालू राहिलं तर दुसऱ्या टॅबमधली एखादी वाईट साइट तुमच्या नावाने फायरवॉलला हुकूम सोडू शकते.

ॲलाउड होस्टची यादी सेव्ह करायच्या आधी कॉन्फिगचा बॅकअप काढा आणि कन्सोल केबल लावून ठेवा. आयपीचा एक आकडा चुकला की वेब पेज तुमच्यासाठीही बंद होतं, मग आतून रीसेट करायला रॅकपर्यंत जावंच लागतं, आणि तुमच्या युनिटचा रॅक माळ्यावर आहे असं तुम्हीच लिहिलंय.